तिसरी सही आणि टिळकांचा दरबार

१९९१ साली मी राहुरी तालुक्यातल्या एका गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. मुळेच्या कालव्याखालचे गाव. उसाची कर्जे, विहिरींची कर्जे, मोटारींची कर्जे आणि त्यांच्या थकबाकीच्या याद्या यांत दिवस जात. गावाच्या पूर्वेला ख्रिस्ती वस्ती होती, तिच्या मधोमध पत्र्याचे छप्पर असलेले चर्च. त्या चर्चचे बचत खाते आमच्याकडे होते आणि ते तिघांच्या सहीने चालत असे. तिघांपैकी एक जरी सही नसली तरी चेक पास होत नसे.

एके दिवशी दुपारी त्या चर्चचे खजिनदार काउंटरवर आले. निवृत्त शिक्षक, पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला दोन पेने. त्यांनी पुढे केलेला चेक गावच्या हरिनाम सप्ताह कमिटीच्या नावे एकशे एक रुपयांचा होता. सह्या दोनच होत्या. मी चेक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, मास्तर, तिसरी सही राहिली. ते म्हणाले, राहिली नाही साहेब, मिळाली नाही. नियमाप्रमाणे मी तो चेक परत केला. तेवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण मास्तर समोरच्या बाकावर बसून राहिले आणि चहा येईपर्यंत त्यांनी मला चर्चमधला सगळा वाद सांगितला.

पेठेत, गल्लीत, गावात काही सार्वजनिक निघाले की चर्चने त्यात कुठवर जायचे, हा तो वाद. सप्ताहाला वर्गणी द्यायची का? आपल्या भजनी मंडळाचा मृदंग तिकडे द्यायचा का? पंगतीला बसायचे का? मास्तरांचे मत द्यावे असे होते, आणि आपल्या बाजूने त्यांच्यापाशी एक मोठे नाव होते. ते नाव मी शाळेत पाठ केले होते, पण अगदी निराळ्या कारणासाठी. नारायण वामन टिळक. आमच्या पिढीला ते पारध्याने मारलेल्या पक्षिणीच्या कवितेमुळे ठाऊक, फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक. ते नगरचे होते, पाद्री होते आणि टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन करीत, हे मला त्या चेकने सांगितले म्हणायला हरकत नाही. त्या आठवड्यात मी नगरला गेलो आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन आलो. तेव्हापासून टिळक माझ्या मागे आहेत.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातला, दापोलीजवळच्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचे घर. आई लवकर गेली, वडील कडक, आणि मुलगा घरात फार काळ न टिकणारा. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत शिक्षण झाले. इंग्रजी शाळेत शिकले, ते अर्ध्यावर सुटले. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले, आणि ती लक्ष्मी झाली. पुढची दहा-बारा वर्षे नोकऱ्या धरणे आणि सोडणे, गावे बदलणे, घरातून न सांगता निघून जाणे आणि कुठून तरी पत्र पाठवणे यांत गेली. माझ्यासारख्या बँकेत जन्म काढलेल्या माणसाला त्यांच्या हिशेबाची वही पाहायला मिळाली असती तर घाम फुटला असता. पैसा हातात आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला जायचा, आणि घरात लक्ष्मीबाई कोरड्या डब्यांकडे पाहत बसायच्या. हा माणूस कर्जमंजुरीच्या कोणत्याच निकषात बसला नसता.

पण डोके स्वस्थ बसणारे नव्हते. या देशाचे दुखणे काय, आणि ते धर्मात कुठे आहे, हा प्रश्न त्यांना तरुणपणापासून छळत होता. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते वैदिक वाङ्मयाचे काम करीत होते. जातिभेद हे देवाचे काम असू शकत नाही, या निष्कर्षाला ते बायबल हाती येण्याआधीच आले होते. आपल्या मनातल्या धर्माची तत्त्वे त्यांनी स्वतःच मांडून पाहिली होती. अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गोष्टी काव्याच्या निघाल्या, मग धर्माच्या. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल अशा अर्थाचे काही तो बोलून गेला. टिळकांनी पुस्तक कर्तव्य म्हणून उघडले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवसाने एक घर फुटले. सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते दिवस ज्या हसत-रडत पद्धतीने लिहिले आहेत, त्याला मराठीत तोड नाही, आणि मी इथे ते माझ्या शब्दांत सांगून बिघडवणार नाही. एवढेच सांगतो की टिळक नोकरीला आले ते नगरला, अमेरिकन मराठी मिशनकडे. आणि लक्ष्मीबाई अखेर जेव्हा मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्या सोवळे सांभाळूनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्यांचे हे सोवळे सुटले ते राहुरीला, १९०० च्या दुष्काळाच्या दिवसांत. मिशनने तिथे अनाथ मुले गोळा केली होती. देवाने जाती केल्या की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात सुरू झाला, आणि कुणीही न सांगता त्यांनी ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. नंतर त्यांचाही बाप्तिस्मा झाला. आधी पंगत सुटली, मग धर्म बदलला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आता नगरचे थोडे सांगायला हवे, कारण टिळक रिकाम्या जागी आले नव्हते. बोस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईत १८१३ साली आले आणि १८३१ पासून नगरला त्यांचे ठाणे होते. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच निघाला. सावित्रीबाई फुल्यांचे शिक्षिकेचे शिक्षण झाले ते ज्या मिस फॅरार यांच्याकडे, त्याही इथल्याच. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, सुतारकामाचे वर्ग, दुष्काळात खडी फोडायची कामे, सगळे होते. खेड्यांतून महार आणि मांग समाजातली हजारो माणसे ख्रिस्ती झाली होती. नव्हते ते एकच: शेजार. ख्रिस्ती माणूस मिशनच्या आवारात राहायचा, मिशनच्या शाळेत शिकवायचा, मिशनचा पगार घ्यायचा, आणि रविवारी इंग्रजी चालीवर बसवलेली, कवायतीसारखी पावले टाकणारी मराठी गीते म्हणायचा. बाहेरच्या पेठेत दिवाळी, मोहरम, गणपती, रामनवमी चालू असे. आवारात त्याचा आवाज फक्त भिंतीवरून येई.

न्यायाने बोलायचे तर या भिंतीत खिडकी पाडण्याचा प्रयत्न टिळकांच्या आधीच झाला होता. १८६० नंतरच्या दशकात नगरच्या मंडळींत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा घाट ख्रिस्ती कथेसाठी उचलला होता. उभे राहून नमन, मग निरूपण, मग आख्यान, मध्ये पदे आणि अभंग, साथीला वाद्ये. ऐकायला ख्रिस्तीच नव्हे तर गावकरीही येत. टिळकांनी या वाटेचा राजरस्ता केला. त्यांच्यापाशी संस्कृतची तालीम होती, तुकोबा-ज्ञानोबा कंठात होते, आणि कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना आधीच ओळखत होता. त्यांनी शेकडो पदे आणि अभंग लिहिले. ख्रिस्त त्यांच्या पदांत गुरू झाला, सखा झाला, माउली झाला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची पदे इतकी आहेत की महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये रविवार टिळकांशिवाय जाणे कठीण. जिल्ह्याला हा शब्द परका कसा असेल? ज्या नेवाशाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो नेवासा याच जिल्ह्यात. आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात मरियेची जी मोठी यात्रा भरते, तिलाही लोक मतमाउलीचीच यात्रा म्हणतात. तिथे नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू बाया किती असतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हरेगावला गाव चर्चकडे येते. टिळकांना उलटे हवे होते. चर्चने उठून गावाकडे जावे, आणि जाताना आपल्या अंगावर परका वास नसावा. ते मराठी पोशाखात राहिले. नगरच्या सेमिनरीत भावी पाळकांना शिकवताना ते त्यांना मराठी संत वाचायला लावीत. त्यांचे घर म्हणजे धर्मशाळा होती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ठरलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा पोरसवदा कवी नगरला त्यांच्या घरी राहिला, मिशनच्या शाळेत शिकवू लागला. त्या मुलाच्या घरच्यांना धास्ती की हा बाटणार. ठोमरे बाटला नाही. हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. टिळकांच्या लेखी त्यात त्यांचे काही हरले नव्हते. बालकवी मे १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून गेले, आणि बरोबर एक वर्षाने मे महिन्यातच टिळक गेले.

इथपर्यंतचे टिळक सगळ्यांना आवडतात. हिंदूंना आवडतात, कारण ते ख्रिस्ती होऊनही आपलेच वाटतात. ख्रिस्त्यांना आवडतात, कारण त्यांनी आपल्या धर्माला मराठी जीभ दिली. मात्र खोटे कौतुक नको. टिळक कीर्तन करीत ते करमणूक म्हणून नव्हे, आणि सर्वधर्मसमभावाचा नमुना दाखवायलाही नव्हे. महाराष्ट्राने ख्रिस्ताचे व्हावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. हे सांगितले की आज अनेकांच्या कपाळाला आठी पडते: म्हणजे टाळ-मृदंग हा सापळाच होता की! मला तसे वाटत नाही. सापळा लावणारा माणूस हेतू लपवतो. टिळक पेठेत उभे राहिले ते आपण कोण आहोत हे सांगून. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जाताना आपला देव दाराबाहेर काढून ठेवावा, अशी अपेक्षा आपण इतर कुणाकडून करत नाही.

मग अडचण कुठे होती? ती टिळकांनाच आधी दिसली, आणि बँकेच्या माणसाला ती दिसायला वेळ लागू नये. अडचण पगारात होती. चाल मराठी केली, पोशाख मराठी केला, छंद ओवी-अभंगाचा केला. तरी कीर्तन संपल्यावर पेठेतला माणूस घरी जाताना मनात म्हणणारच, की बुवा गोड गातो, पण त्याला याचे पैसे मिळतात. ते पैसे येत कुठून? अमेरिकेतल्या चर्चमधल्या भल्या माणसांच्या देणग्यांतून. देणारे भले, घेणारे भले. पण सही तिकडची. नगरच्या ख्रिस्ती मंडळींचे खातेच जणू बोस्टनच्या सहीने चालत होते. मिशनरी आणि देशी पाळक यांच्यात मालक-नोकराचे नाते आले, आणि देशी पाळक व त्याचा शेजारी यांच्यात विक्रेता-गिऱ्हाइकाचा संशय आला. टिळकांचे अमेरिकन सहकाऱ्यांशी वैर नव्हते. सेमिनरीचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या माणसाबद्दल, ज्यांनी दुष्काळात जिल्ह्यासाठी जिवापाड काम केले, नगरमध्ये आदरच होता. भांडण माणसांशी नव्हते, व्यवस्थेशी होते.

आणि १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मधुमेह वा संधिवात काहीही मागे लागण्याच्या वयात, या गृहस्थाने मिशनची पगारी नोकरी सोडली. आपण आता संन्यासी, असे जाहीर केले. बायको, मुले, पाळलेली पोरे, येणारे-जाणारे, आणि मिळकत जवळजवळ शून्य. बिचाऱ्या लक्ष्मीबाई! नवऱ्याच्या संन्यासाचा हिशेब शेवटी बायकोच्याच पदरात पडतो, हे तुकोबांच्या घरापासून चालत आले आहे. तरी त्या बरोबर गेल्या. नगर सोडून बिऱ्हाड साताऱ्याला नेले, आणि तिथे टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला.

हा दरबार म्हणजे चर्च नव्हे, आणि चर्चविरोधही नव्हे. ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसांचे ते एक बंधुमंडळ होते, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही बसू शकत. पगारी कुणी नाही. एवढे ऐकून दोन्हीकडचे कान टवकारले. हिंदूंना वाटले, हा मोठाच सापळा. चर्चला वाटले, बाप्तिस्मा नसला तरी चालतो म्हटले की उद्या चर्चचे काय उरणार? चर्चच्या या भीतीला मी हसणार नाही. ज्या माणसांनी बाप्तिस्म्यासाठी गाव, वतन, नातीगोती सोडली होती, त्यांना तो ऐच्छिक आहे हे ऐकणे सोपे नव्हते. पण टिळकांचे म्हणणे समजून घ्या. मंडळीत येण्याची पायरी ही भिंत होऊ नये. आत कोण आणि बाहेर कोण याची यादी करत बसण्यापेक्षा आधी सगळ्यांनी एका सतरंजीवर बसावे. त्याच पिढीत बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय भगवे घालून ख्रिस्ती संन्यासी म्हणून हिंडले. तेही १८६१ चेच. उपाध्यायांचा प्रयत्न पंडितांशी आणि धर्माधिकाऱ्यांशी वाद घालण्यात खर्ची पडला. टिळकांना वादाची हौस कमी. त्यांना माणसे जमवायची होती.

दरबार टिकला नाही. जेमतेम दीड वर्षाचा वेळ मिळाला, प्रकृती ढासळली, आणि त्यांच्यामागे तो चालवणारे दुसरे टिळक नव्हते. संस्था म्हणून पाहिले तर हा सरळ सरळ बुडीत प्रकल्प. ९ मे १९१९ रोजी मुंबईला जे. जे. रुग्णालयात ते गेले. ख्रिस्तपुराण सांगायला त्यांनी घेतलेले ‘ख्रिस्तायन’ थोडे अध्याय होऊन अर्धवट राहिले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिली होती. त्यांनी कीर्तनेही केली. नवऱ्याचा संन्यास एका अर्थाने त्यांनीच निभावला.

मरताना टिळकांनी एक गोष्ट मागितली होती, आणि त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत शेजारधर्माची गोष्ट आहे असे मला वाटते. आपल्या देहाला अग्नी द्यावा, आणि अस्थी नगरला पुराव्यात. ख्रिस्ती मंडळींत तेव्हा दहन ही कल्पनाच न सोसणारी. पण गावातल्या माणसाला दफनाच्या वेळी कुठे उभे राहायचे ते कळत नाही. चितेपाशी काय करायचे हे त्याला उपजत ठाऊक असते. आपल्या शेवटच्या कार्यक्रमात शेजाऱ्यांना अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाही विचार त्यात असेल. तो होताच, असा दावा मी करत नाही. कादंबरीकाराची खोड म्हणून सोडून द्या.

मास्तर माझ्याशी बोलले त्यात हे सगळे नव्हते, पण याचा गाभा होता. टिळकांनी टाळ हातात घेतला, मग आम्ही सप्ताहाला एकशे एक रुपये का देऊ नयेत? मला हे पटले. मी तेव्हा पस्तिशीच्याही आतला होतो, उदारमतवादी होतो, आणि तिसरी सही न देणारा म्हातारा मला कर्मठ वाटला. मी मास्तरांना म्हणालो, त्यांना एकदा माझ्याकडे घेऊन या. ते आले नाहीत. मग मीच थकबाकीच्या फेरीवर असताना त्यांच्या घरी गेलो.

ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ. खाटेवर बसलेले, जवळ जाड अक्षरांचे बायबल. त्यांनी आधी करिंथकरांस पत्राचा दाखला दिला: मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की न खावे याबद्दल पौलाने काय लिहिले आहे, ते. पण ते म्हणाले, हे कारण खरे कारण नव्हे. पौल त्या पत्रात म्हणतो त्याप्रमाणे खाल्ल्याने कुणी बुडत नाही. त्यांनी मग बाहेर बोट दाखवले. गावाच्या मारुतीसमोरचा पार. त्यांचे वडील ख्रिस्ती होण्यापूर्वी याच सप्ताहात ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला बसून कीर्तन ऐकत. पंगती उठल्यावर उरलेले वाढले जाई, तेही वरून. वडील ख्रिस्ती झाले ते काही प्रवचन ऐकून नव्हे. मिशनच्या शाळेत त्यांना आत बसवले म्हणून. आणि आता मास्तर सांगतात वर्गणी द्या. सप्ताह कमिटीने वर्गणी मागितली, पण पंगतीला कुठे बसायचे ते सांगितले का? मास्तर टिळकांचे नाव घेतात. टिळक मोठेच. पण साहेब, टिळकांना त्या कीर्तनातून कुणी कधी हाकलले होते का?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तीस-बत्तीस वर्षे टिळक वाचूनही ते नीटसे सापडलेले नाही. टिळकांना अभंग गोड लागला, कारण तो त्यांच्या माजघरात वाढला. ते कीर्तनाकडे परत गेले तेव्हा आपल्याच घरी परत जात होते. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती माणसांना मात्र ते घर कधी मिळालेलेच नव्हते. त्यांना पाराची खालची पायरी आठवत होती. चर्चने गावच्या कार्यक्रमात सहभागी व्हावे असे आपण सहज म्हणतो, तेव्हा कुणाला आवाहन करतो आहोत याचा विचार करत नाही. सहभाग हा यजमानाचाही प्रश्न आहे. टिळकांनी पगार सोडून आपल्या बाजूची अडचण दूर केली. समोरच्या बाजूची अडचण त्यांना एकट्याला दूर करणे शक्य नव्हते. ती राहुरीत लक्ष्मीबाईंनी केली तशीच करावी लागते, आपापल्या पाण्याच्या तांब्यापासून. म्हणून मघाशी म्हणालो की तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मी ही गोष्ट सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांच्या कानावर घातली. ते आमचे मोठे कर्जदार होते, आणि बँकेचा माणूस बोलला की ऐकून घेत, मानत असत असे नाही. ते म्हणाले, तसे आता काही राहिले नाही साहेब. मी म्हटले, मग सांगून टाका. सांगून टाकायला त्यांना चार दिवस लागले. कमिटीत वाद झाला, एक जण उठून गेला. अखेर गावात दवंडीप्रमाणे फिरलेल्या रिक्षाच्या कर्ण्यावरून असे जाहीर झाले की काल्याच्या दिवशी पंगत एकच, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने बसावे. जातीचे, वस्तीचे नाव त्यात नव्हते. पण ज्यांना कळायचे त्यांना कळले.

चर्चने मग काय केले? वर्गणी दिली नाहीच; त्या वर्षीचा चेक परत गेला तो गेला. ज्यांना द्यायची त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली. चर्चने आपली मोठी पातेली आणि सतरंज्या दिल्या. विहिरीवरची मोटार आठ दिवस सप्ताहासाठी चालली. चौथ्या दिवशी गावचा पखवाजवाला तापाने पडला, तेव्हा चर्चच्या भजनी मंडळातला एक मुलगा साथीला बसला. त्याचा हात बसलेला होता तो टिळकांच्याच अभंगांवर. ठेका तोच, त्याला वेगळे काही शिकावे लागले नाही. कीर्तनकार बुवांनी त्याला बुक्का लावायला हात पुढे केला, मुलगा क्षणभर मागे सरकला, बुवांनी हात आवरून नुसता नमस्कार केला आणि कीर्तन सुरू झाले. लोकांनी ते पाहिले, पण कुणी काही बोलले नाही. तीर्थ-प्रसाद घ्यायचा की नाही हे चर्चने ज्याच्या त्याच्यावर सोडले होते. काहींनी घेतला, काहींनी नाही.

काल्याच्या पंगतीत तिसऱ्या रांगेत मला ते म्हातारे गृहस्थ दिसले. मास्तर त्यांच्या शेजारी बसले होते. म्हाताऱ्यांनी घरून आपले ताट आणले होते. सवय म्हणा, खबरदारी म्हणा. वाढपी पत्रावळ ठेवून पुढे गेला, तेव्हा त्यांनी ते ताट मांडीखाली सरकवले आणि जेवायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी माझी बदली व्हायच्या आधी मास्तर पुन्हा चेक घेऊन आले. या वेळी तिसरी सही होती, थरथरत्या हाताची, नमुन्याच्या सहीशी जेमतेम जुळणारी. नियमाला बोट लावायचे तर मी परत पाठवू शकलो असतो. मी नमुन्याचे कार्ड बाजूला ठेवले आणि मास्तरांना टोकन दिले.